रोज चालूनही खुर्चीतून उठताना हात का टेकावे लागतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे ते स्पष्ट राहील. तुमचे वय ६६ आहे. गेली आठ वर्षे तुम्ही रोज सकाळी पाऊण तास सपाट रस्त्यावर चालता आणि त्यात फारसा खंड पडलेला नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी मोठा आजार नाही. तरीही गेल्या वर्षभरात ठेंगण्या खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येईनासे झाले आहे, जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो आणि त्याच वेळी उजवा गुडघा दुखतो. चालणे सव्वा तासावर न्यावे, की गुडघ्यासाठी उलट कमी करावे, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय तुमच्या पत्नीच्या (वय ६३) तपासणीत हाडांची घनता कमी निघाली असल्यामुळे तिने कोणता व्यायाम टाळावा, हेही विचारले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे असतात. तुमच्यासारखी तक्रार मी सर्वाधिक ऐकतो ती नियमित चालणाऱ्या माणसांकडूनच, आणि त्यांना तिचा मनस्तापही जास्त होतो, कारण आपण तर सगळे नीट करत होतो असे त्यांना वाटत असते. माझ्या मते तुमची अडचण चालण्याच्या मिनिटांची नाही. चालण्याने दम टिकतो, हृदय आणि रक्तवाहिन्यांना फायदा होतो, रक्तातील साखर आटोक्यात राहायला मदत होते, झोप सुधारते. हे सगळे खरे आहे आणि त्यासाठी तुम्ही चालत राहायलाच हवे. पण खुर्चीतून उठायला ताकद लागते, आणि सपाट रस्त्यावरचे चालणे मांड्यांकडून त्या ताकदीचा फार थोडा भाग मागते. जे मागितले जात नाही ते शरीर सांभाळून ठेवत नाही.

पुढे जाण्यापूर्वी, मला इथून काय दिसत नाही ते सांगतो. तुमचा गुडघा मी हाताने तपासलेला नाही. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येणे, नेहमीच्या श्रमातही अनपेक्षित धाप लागणे, चक्कर येऊन पडणे, एका पोटरीला नवी सूज येणे, गुडघा मध्येच अडकणे किंवा अचानक दगा देणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, अथवा एकाच बाजूच्या पायात थोड्या दिवसांत आलेला अशक्तपणा यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच पुढचे वाचावे. वर्षभरात हळूहळू, दोन्ही पायांत सारखी कमी होत गेलेली ताकद मात्र बहुतेक वेळा मी खाली सांगतो त्या कारणाने असते, आणि तुमचे वर्णन त्याच्याशी जुळते.

एका जुन्या अभ्यासातील आकडे मी रुग्णांना नेहमी कागदावर लिहून दाखवतो, कारण ते पाहिल्यावर पुढचे बरेच समजावून सांगावे लागत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी २२ वर्षांच्या तरुणांची आणि सरासरी ७४ वर्षांच्या ज्येष्ठांची तुलना केली होती. आपल्या मांडीच्या कमाल ताकदीचा किती हिस्सा रोजच्या हालचालीत खर्च होतो, हे त्यात मोजले. खुर्चीतून उठताना तरुणांचा सुमारे ४२ टक्के हिस्सा लागत होता आणि ज्येष्ठांचा सुमारे ८० टक्के. जिना उतरताना हा फरक आणखी मोठा होता, म्हणजे तरुणांचा ४२ टक्के आणि ज्येष्ठांचा ८८ टक्के. खुर्ची तीच आणि जिनाही तोच, पण वय वाढलेल्या माणसासाठी ती हालचाल जवळजवळ पूर्ण ताकदीची झालेली असते.

तुम्हाला जिना चढताना नव्हे तर उतरताना भीती का वाटते, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. उतरताना वरच्या पायरीवरचा गुडघा वाकत असतो आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळे वजन पेलून धरतो. दम कमी लागतो म्हणून उतरणे सोपे भासते, परंतु स्नायूंच्या दृष्टीने ते काम भारी आहे. शिल्लक ताकद १०-१२ टक्केच उरली असेल, तर थोडा थकवा, थोडी दुखापत किंवा आठवडाभराचा ताप एवढ्यानेही ती संपते. हात कठड्याकडे जातो तो शरीराने केलेला बरोबर हिशेब असतो. म्हणून मला तुमच्या बाबतीत वाढवायची आहे ती ही शिल्लक.

ताकद कमी होण्यात वयाचा वाटा आहेच. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू जितका घटतो त्याहून त्याची ताकद जास्त वेगाने घटते, आणि ताकदीपेक्षाही झटकन जोर लावण्याची क्षमता अधिक वेगाने घटते. आपल्या स्नायूंमध्ये संथ आणि जलद असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू तासन्तास थोडे थोडे काम करतात, जलद तंतू जोराच्या किंवा चटकन करायच्या कामासाठी असतात. वयाबरोबर बारीक होतात ते प्रामुख्याने जलद तंतू, आणि आरामात चालताना शरीर त्यांना जवळजवळ हातच लावत नाही. आठ वर्षे रोज चालूनही ते तंतू कामाविना राहिले असण्याची शक्यता म्हणूनच दाट आहे.

या वयात ते परत कामाला लागतील का, ही शंका पुढे येणारच. बोस्टनमधील एका दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या १० वृद्धांवर केलेला प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांची वये ८६ ते ९६ च्या दरम्यान होती आणि त्यांच्याकडून ८ आठवडे मांड्यांचा जड वजनाचा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली, आणि हात न टेकता खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण उठू लागला. स्नायू मात्र त्या मानाने थोडाच वाढला, सुमारे ९ टक्के. ताकद आणि स्नायू यांच्या वाढीतील ही तफावत समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूला अधिक पूर्णपणे कामाला लावायला शिकतात, आणि स्नायूची वाढ मागाहून सावकाश होते. म्हणूनच महिनाभरात मांडीचा घेर काही वाढलेला नसताना लोक मला सांगतात की उठणे सोपे झाले.

आता प्रत्यक्ष काय करायचे. तुमच्यासाठी मी सुरुवात खुर्चीपासूनच करीन, कारण खुर्चीतून उठणे तुमच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास असेल, तर तोच तुमचा जड वजनाचा व्यायाम आहे. व्यायामशाळेची किंवा वजनांची आज गरज नाही. ती पुढे लागेल.

आधी मोजमाप करा. बिनहाताची, साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते घरातील दुसऱ्या कोणाला मोजायला सांगा. तुमच्या वयोगटातील, म्हणजे ६५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांसाठी १२ पेक्षा कमी संख्या सरासरीखालची धरतात आणि तिच्याकडे पडण्याचा धोका वाढल्याची खूण म्हणून पाहतात. ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांसाठीही ही मर्यादा १२ च आहे, त्यामुळे तुम्ही दोघे एकाच आकड्याशी तुलना करू शकता. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आले नाही, तर या चाचणीच्या नियमाप्रमाणे संख्या शून्य धरावी. शून्याने खचून जाऊ नका. माझ्याकडे शून्यावरून सुरुवात करणारे पुष्कळ येतात, आणि सहा आठवड्यांनी शून्यावरच राहिलेला माणूस मला क्वचितच दिसतो.

हात न टेकता उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेले जाड ब्लँकेट ठेवून बैठक उंच करा. ज्या उंचीवरून तुम्ही हातांशिवाय आठ वेळा उठू शकता आणि आठव्यांदा उठताना आणखी दोन-तीनदाच जमेल असे वाटते, ती तुमची सुरुवातीची उंची. पुढे सरकून कडेवर बसा, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, धड पुढे झुकवा आणि पायांनी जमीन खाली ढकलत उठा. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि तुम्हाला ते मुळीच नको आहे. खाली बसणे चार अंक मोजत करा. अनेक जण उठण्यावर सगळे लक्ष देतात आणि बसताना धपकन अंग सोडून देतात. परंतु सावकाश बसणे हीच जिना उतरण्याची तालीम आहे, आणि व्यायामाचा निम्मा फायदा त्या चार सेकंदांत आहे. आठ ते दहा वेळा झाले की दीड-दोन मिनिटे थांबा. अशा दोन फेऱ्यांनी सुरुवात करून दोन आठवड्यांनी तीन फेऱ्या करा. हे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून करावे.

यानंतरचा भाग बहुतेक घरी निसटतो आणि पूर्वी माझ्याकडूनही निसटत असे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी वृद्ध रुग्णांना एक हलका रबरी पट्टा देत असे, दहा-दहा वेळा ओढायला सांगत असे, आणि सहा महिन्यांनीही ते तोच पट्टा तितक्याच वेळा ओढत असत. त्यांना इजा होऊ नये या काळजीपोटी मी ते करत होतो, आणि त्यांची ताकद वाढत नव्हती. एका रुग्ण बाईंनी मला सरळ विचारले की मी रोज करते आहे, मग मला अजून उठवावे का लागते. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शरीर सवयीच्या भाराला उत्तर देत नाही. एखादी हालचाल बारा-पंधरा वेळा सहज होऊ लागली की तिचे काम संपले असे समजून भार वाढवावा लागतो. खुर्चीच्या व्यायामात तो असा वाढवा: आधी उशी काढा, मग बसण्याचा वेळ चार सेकंदांवरून सहावर न्या, मग एक पाऊल थोडे पुढे ठेवून मागच्या पायावर अधिक भार घ्या, आणि त्यानंतर छातीशी पिशवीत दोन किलो, चार किलो, सहा किलो वजन धरा. प्रत्येक टप्प्यावर आणखी दोन-तीनदा जमले असते इतक्यावर थांबायचे. फार सोपे असेल तर वेळ वाया जातो, आणि शेवटच्या कणापर्यंत स्वतःला पिळून काढण्याची गरज नाही.

गुडघ्याबद्दल. दुखतो म्हणून हलवू नये, ही समजूत मला सर्वांत जास्त वेळा खोडून काढावी लागते, आणि तिच्यामागची भीती मला पूर्ण समजते. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे यातूनच सांध्यातील द्रव तिच्यात आत-बाहेर होतो आणि तिचे पोषण होते. शिवाय मांडीचा स्नायू दुबळा असेल तर प्रत्येक पायरीचा धक्का सांध्याला जास्त सोसावा लागतो. गुडघ्याची झीज असलेल्या लोकांना ताकदीच्या व्यायामाने वेदना कमी होतात, याला आता भक्कम आधार आहे. म्हणून प्रश्न व्यायाम करावा की नाही हा नसून किती करावा हा आहे, आणि त्यासाठी मी वेदनेचेच माप वापरतो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंतचे दुखणे चालेल, जर ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत नेहमीच्या पातळीवर परत येत असेल आणि गुडघा सुजत नसेल. जास्त वेळ ठणकला तर व्यायाम सोडू नका. बैठक एका उशीने उंच करा किंवा एक फेरी कमी करा. मांडीच्या मांसल भागात एक-दोन दिवसांनी येणारा जडपणा वेगळा असतो. तो नव्या व्यायामानंतर २४ ते ७२ तास राहतो आणि त्यात धोक्याचे काही नाही.

खुर्चीचा व्यायाम तीन-चार आठवडे अंगवळणी पडला की जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर या. कठडा धरा, उजवा पाय पायरीवर ठेवा, डावी टाच हळूहळू खाली जमिनीला टेकवा आणि वजन तिच्यावर न टाकता पुन्हा वर या. उजवा गुडघा आतल्या बाजूला कलू देऊ नका. तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावा. आधी डाव्या पायाने सराव करा आणि मग दुखऱ्या. पायरी उंच वाटली तर एखाद्या जाड, न सरकणाऱ्या फळीपासून सुरुवात करा. या एका हालचालीने जिन्याची भीती जितक्या लवकर कमी होते तितकी दुसऱ्या कशाने होताना मी पाहिलेली नाही.

बाकीच्या शरीरासाठी थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुमची तक्रार नाही, पण ते वगळून चालणार नाही. भिंतीवर हात टेकून जोर मारा. ते सोपे झाले की घट्ट ओट्यावर. रबरी पट्टा दाराच्या मजबूत कडीला अडकवून हातांची दोन्ही कोपरे मागे ओढा. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचला आणि सावकाश टेकवा. चालताना पुढे ढकलण्याचे काम पोटऱ्या करतात आणि त्या दुबळ्या झाल्या की पावले आखूड पडू लागतात. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालणे हाही उत्तम व्यायाम आहे.

दोनेक महिन्यांनी ताकद आली की वेगाकडे वळा. ठेच लागली की तोल सावरायला शरीराजवळ सेकंदाचा काही अंशच असतो, आणि तेवढ्या वेळात पाय पुढे टाकायचा तर ताकद असून भागत नाही, ती झटकन वापरता यायला हवी. त्यासाठी खुर्चीतून उठणे जितके जलद जमेल तितके जलद करा आणि बसणे मात्र पूर्वीसारखेच संथ ठेवा. पाच-सहा वेळा पुरे. दमून वेग कमी झाला की थांबायचे, कारण थकलेल्या अवस्थेत वेगाचा सराव होत नाही.

तोल हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते सरावानेच टिकते. ओट्याशी उभे राहून, हात त्याच्या अगदी जवळ ठेवून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहा. असे १० सेकंद राहता आले नाही तर पडण्याचा धोका वाढलेला असतो. ते जमले की एका पायावर १० सेकंद. ५१ ते ७५ वर्षांच्या सुमारे १,७०० लोकांचा ब्राझीलमधील एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना एका पायावर १० सेकंद उभे राहता आले नाही, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. याचा अर्थ एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा नाही. एवढ्या साध्या गोष्टीतून शरीराची एकूण स्थिती दिसते, एवढाच तो आहे. सरावाचा थेट फायदा दाखवणारे काम न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठात झाले: घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम व त्याच्या जोडीला चालणे, अशा कार्यक्रमाने ज्येष्ठांचे पडणे सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. दात घासताना, पाणी तापेपर्यंत, फोनवर बोलताना, अशा वेळा तोलासाठी ठरवून टाकल्या तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चालण्याकडे येतो. पाऊण तास आहे तेवढाच राहू द्या. सव्वा तास करायची गरज नाही आणि गुडघ्यासाठी कमी करायचीही नाही. त्याऐवजी त्यातला वेग बदला. मिनिटाला १०० पावले ही मध्यम श्रमाच्या चालीची ढोबळ खूण आहे. पाच मिनिटे आरामात चालल्यावर दोन मिनिटे भरभर चाला, इतके की बोलता येईल पण गाता येणार नाही, आणि मग दोन मिनिटे पुन्हा सावकाश. असे पाच-सहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दिवसाला १०,००० पावले झालीच पाहिजेत या दडपणात राहू नका. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या उपकरणाच्या नावातून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. पाऊण तास चालून आणि दिवसभराची कामे करून तुम्ही बहुधा तिथे पोहोचलेले आहात.

रक्तदाबाच्या गोळीविषयी दोन सूचना. काही गोळ्या हृदयाचे ठोके मंद ठेवतात. तुमची गोळी त्या प्रकारची असेल तर मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवरून श्रम मोजू नका, श्वास आणि बोलणे यांवरून मोजा. आणि बसून उठल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पहिल्यांदा उठल्यावर पाच सेकंद खुर्चीशी थांबा आणि हे डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीचे प्रमाण बदलावे लागू शकते, आणि तो निर्णय त्यांचा आहे.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत, टाळण्याच्या यादीपेक्षा करण्याचे महत्त्व मोठे आहे. हाड भाराला प्रतिसाद देते आणि नुसत्या चालण्याचा भार त्यासाठी पुरेसा नसतो. ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या १०१ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जड वजने उचलणे आणि उंचावरून दोन्ही पायांवर उतरण्याचा हादरा घेणे असा व्यायाम केला. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. परंतु हा व्यायाम प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि हळूहळू भार वाढवत केलेला होता. तो वाचून घरी वजने उचलायला किंवा उड्या मारायला लागणे मला मान्य नाही. घनता किती कमी आहे आणि मणक्याचे हाड पूर्वी कधी दबले आहे का, यावर बरेच अवलंबून आहे. ते कळेपर्यंत त्यांनी वरचा खुर्चीचा, भिंतीवरच्या जोरांचा आणि तोलाचा व्यायाम करावा, आणि पाठ गोल करून पुढे वाकत वजन उचलणे, पाठीवर झोपून धड वर उचलण्याचे पोटाचे व्यायाम आणि वाकलेल्या अवस्थेत झटक्याने कंबर पिळणे टाळावे. जमिनीवरची वस्तू उचलताना खुब्यातून आणि गुडघ्यातून वाकावे. पाठीत अचानक तीव्र कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.

सगळे एकत्र मांडले तर तुमचा आठवडा असा दिसेल: तीन दिवस पंचवीस-तीस मिनिटे ताकद, मधल्या तीन दिवशी वेग बदलत चालणे, बाकीच्या दिवशी नेहमीचे आरामात चालणे, आणि तोल रोज पाच मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचा एकत्र सराव सुचवला आहे. तो सगळा यात बसतो. ताकदीच्या दिवशी थकवा वाटला तर चालणे अर्धे करा, पण ताकद चुकवू नका. गरज असेल तर मी चालण्यातून सवलत देतो, ताकदीतून देत नाही, कारण तुमची कमतरता तिथे आहे. आहारात पुरेशी प्रथिने हवीत, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

शेवटी खंडाविषयी, कारण वर्षभरात तो कधीतरी पडणारच. निरोगी, सरासरी ६७ वर्षांच्या लोकांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू घटल्याचे २००७ मधील एका अभ्यासात दिसले. बोस्टनच्या प्रयोगातील वृद्धांनीही चार आठवडे व्यायाम थांबवल्यावर कमावलेल्या कमाल ताकदीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गमावला होता. म्हणून प्रवास किंवा पाहुणे यांमुळे वेळ मिळाला नाही तर आठवड्यातून एकदा तरी खुर्चीच्या दोन फेऱ्या करा. एकदा कमावलेली ताकद एवढ्यानेही काही आठवडे बऱ्यापैकी टिकते. तापाने पडून राहावे लागले तर ताप उतरल्यावर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, दर दोन तासांनी पलंगाच्या कडेवरून पाच वेळा उठा-बसा. पुन्हा व्यायाम सुरू कराल तेव्हा सोडला त्या भारापासून नव्हे, तर एक उशी जास्त ठेवून सुरू करा. आजची ३० सेकंदांची संख्या तारखेसह लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि दोन्ही संख्या मला कळवा. संख्या तीनने तरी वाढलेली नसेल, तर आपण भार कुठे कमी पडला ते पाहू, आणि गुडघा प्रत्यक्ष तपासून घेण्याची वेळ तीच असेल.